मोहोर ऐकण्याचे दिवस

यंदा मोहोर जरा उशिराच आला. दिवाळी सरली तरी ढग हलायला तयार नव्हते, आणि थंडी पडल्याशिवाय कलम काही फुलत नाही. मग एका सकाळी अंगणात उभा होतो तर पायाखालचा कातळ गार लागला, ओठ ओढल्यासारखे झाले, आणि पुढच्या आठवड्यात कुंपणाच्या दगडी गडग्यालगतच्या जुन्या कलमाला हिरवट-तांबूस तुरे फुटले. डोळ्यांना ते दिसण्याआधी माझ्या नाकाला कळलं होतं. लागोपाठ शिंका सुरू झाल्या आणि स्वयंपाकघरातून शैला म्हणाली, "आला वाटतं मोहोर." आमच्या घरात मोहोराची वर्दी ही अशी माझ्या नाकातून येते.

मी पूर्वी शाळेत भूगोल शिकवायचो. निवृत्त झालो आणि वडिलांनी कातळ फोडून लावलेली हापूसची कलमं सांभाळू लागलो. ज्याचं घर हापूसवर चालतं त्याच्याच नाकाला मोहोर सोसू नये, हा कुठला न्याय ते मला आजवर कळलेलं नाही. पौष-माघ आला की माझं नाक चोंदतं, भुवयांच्या वर जड होतं, आवाज बदलतो. वर्गातली मुलं मागे माझी नक्कल करायची आणि ती इतकी हुबेहूब असायची की रागावायला जीव होत नसे. शैला ओव्याची पुरचुंडी गरम करून देते, वेखंड उगाळून कपाळाला लावते, आणि मी त्या अवतारात बागेत फिरतो. कलमांना सवय झाली आहे.

तर शिंका सुरू झाल्या त्याच दिवशी गार्गीचा फोन आला. गार्गी आमची मुलगी. पुण्यात नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी विमानातून उड्या मारते. हे वाक्य मी आता सहज लिहितो, पण ते सहज लिहिता यायला मला बराच काळ लागला. "बाबा, यंदा आईची पाळी," ती म्हणाली. मी फोन शैलाकडे दिला. शैलाने सगळं ऐकून घेतलं, "बघू" म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली. आमच्याकडे 'बघू' म्हणजे बहुतेक वेळा 'नाही'च. पण ह्या वेळी ती चक्क हसत होती. कशाला हसतेस, म्हणून मी विचारलं तर म्हणाली, "मागचा मोहोर आठवला."

मलाही तोच आठवत होता.

मोहोर बघायचा असतो, हुंगायचा असतो, असं पाहुण्यांना वाटतं. मुंबईचे लोक येतात, तुऱ्याजवळ नाक नेतात, डोळे मिटतात, फोटो काढतात. बागायतदाराला मात्र मोहोर ऐकावा लागतो. कारण मोहोराबरोबर तुडतुडे येतात. तांदळाच्या कणीएवढा हा किडा, पण थव्याने येतो आणि कोवळ्या तुऱ्यातला रस शोषून घेतो. मग पानांवर चिकट खार पडते, मोहोर काळा पडतो, गळतो, आणि वर्ष फुकट जातं. वारा सुटण्याआधी, पहाटेच्या उजेडात कलमाखाली जायचं, खालची एक फांदी हलकेच हलवायची आणि श्वास धरून उभं राहायचं. तुडतुडे असले तर ते उडतात आणि पानांवर आपटतात. तव्यावर चिमूटभर मीठ टाकल्यासारखी बारीक तडतड होते. ती विरळ असेल तर थांबायचं, दाट असेल तर त्याच दिवशी फवारणीची माणसं बोलवायची. वडील मला लहानपणी हाताला धरून कलमाखाली न्यायचे आणि "बोलू नकोस" एवढंच सांगायचे. बागायतीचा माझा पहिला धडा तो. पुस्तकात मोहोर झटकून किडे बघायच्या रीती आहेत, मीही त्या वापरतो. पण कुठलं कलम झटकून बघायचं ते आधी कान सांगतो.

त्यातही माझा उजवा कान. डावा वयोमानाने मंदावला आहे. गडगडाट, लाउडस्पीकर, शैलाचं रागावणं एवढं त्याला पुरेसं ऐकू येतं. बारीकसारीक सगळी कामं उजव्याकडे असतात. म्हणूनच शैला त्या कानाला फार जपते, माझ्यापेक्षाही जास्त.

कान आणि हवा ह्यांचं नातं मी वर्गात इतकी वर्षं शिकवलं. पाण्याने काठोकाठ भरलेल्या ग्लासवर पुठ्ठा ठेवायचा, ग्लास उलटा करायचा, पुठ्ठा पडत नाही. मुलं टाळ्या वाजवायची. मग मी सांगायचो की आपण रत्नागिरीची माणसं म्हणजे हवेच्या समुद्राच्या अगदी तळाशी राहणारी माणसं, आपल्या डोक्यावर हवा सगळ्यांत जास्त. जसजसं वर जावं तसतशी ती विरळ होते, दाब कमी होतो. "आंबा घाट चढताना काय होतं?" मी विचारायचो आणि सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा, "दडे बसतात, सर!" एसटीतून कोल्हापूरला मामाकडे गेलेल्या प्रत्येक पोराला हे ठाऊक असायचं. कुठल्या वळणावर कान गच्च होतो आणि कुठल्या वळणावर आवंढा गिळला की टक् करून उघडतो, ह्यावर मागच्या बाकांवर भांडणं व्हायची. घाट चढायच्या आधी कानात कापसाचे बोळे घालायची आमच्याकडे पद्धत आहे. बायका लेकरांच्या कानांत बोळे कोंबतात, वरून कानटोपी चढवतात, आणि गाडी घाटाला लागली की निर्धास्त होतात. मी भूगोलाचा मास्तर, पण हे बोळे काय काम करतात असा प्रश्न मला कधी पडला नाही. घरची रीत होती, पाळत होतो.

माझं आजोळ दाभोळचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत खाडीच्या मुखाशी बसून मी मामाला बुड्या मारताना बघायचो. होडीचा नांगर खडकात अडकला की मामा दोर धरून खाली जायचा. जाता जाता दोन बोटांत नाक चिमटीत धरायचा. वर आला की एका पायावर उड्या मारत कानातलं पाणी झटकायचा. "नाक कशाला धरतोस रे मामा?" विचारलं तर म्हणायचा, "कानांस खालची खबर द्येवची लागते." मला त्या वयात ते पटलं होतं. आता वाटतं, त्याने सांगितलं त्यात सुधारण्यासारखं फारसं काही नव्हतं.

गेल्या वर्षी मोहोर ऐन भरात असताना गार्गी घरी आली आणि जेवताना म्हणाली, "बाबा, माळव्यात आमचा कॅम्प आहे. तुम्ही याल? प्रशिक्षकाला बांधून उडी असते, तुम्हाला काही करायचं नसतं. फक्त यायचं."

मी भाताचा घास तसाच धरून बसलो. त्याआधीच्या वर्षी तिने पहिली उडी आम्हाला न सांगता मारली होती. फोटो पाठवला तेव्हा कळलं. मी रागावलो नव्हतो, पण काही दिवस तिच्याशी हवापाण्याखेरीज बोललो नव्हतो. मुलीला तेवढं बरोबर समजलं होतं. आणि आता ती मला बोलावत होती. नाही म्हणणं मला शक्यच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मनातून मी हरखलो होतो. आयुष्यभर फळ्यावर काढलेली हवेची उतरंड प्रत्यक्ष उतरून बघायला मिळणार होती.

शैला ताडकन म्हणाली, "कानाशी खेळ नको. मोहोरात ह्यांचं नाक कसं असतं ठाऊक आहे ना तुला? आणि चांगला कान एकच आहे."

"डॉक्टरांना विचारून ठरवू गो आई," गार्गी म्हणाली.

रत्नागिरीतले आमचे कान-नाक-घशाचे डॉक्टर माझे जुने विद्यार्थी. त्यांनी नाकात बॅटरी मारली, कानात डोकावले आणि म्हणाले, "सर, घशातून कानाकडे एक बारीक नळी जाते. वर जाताना कानातली जास्तीची हवा त्या वाटेने आपली आपण सुटते. खाली येताना बाहेरचा दाब वाढतो, तेव्हा हवेला त्याच वाटेने आत शिरावं लागतं. सर्दीने वाट सुजलेली असली तर ती शिरत नाही, पडदा आत ओढला जातो. कपाळातल्या पोकळ्यांचंही तेच. त्या दिवशी नाक स्वच्छ मोकळं असलं तरच उडी मारा. नसलं तर खालून टाळ्या वाजवा." शैलाने हे सगळं नीट ऐकलं, आणि त्यातून एवढंच घेतलं की कानाला संरक्षण पाहिजे.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. निघायच्या आदल्या संध्याकाळी तिने खोबरेल तेलात लसूण कढवला, कापसाचे घट्ट बोळे वळले, ते तेलात बुडवून एका डबीत भरले. "विमानात चढायच्या आधी घाला," म्हणाली. "घाट तर घाट, ह्याच्यापुढे घाट म्हणजे काय!" मी डबी खिशात ठेवली. मलाही ते अगदी बरोबर वाटलं.

आंबा घाट ओलांडला आणि चमत्कार झाला. मोहोर मागे राहिला, नाक मोकळं झालं. पुण्याहून पुढे तर हवा इतकी कोरडी की मला वाटलं, आपण उगाच जन्मभर शिंकत आलो. माळव्यात पोहोचलो तेव्हा दोन्ही नाकपुड्यांतून वारा वाहत होता. समोर गव्हाची हिरवी शेतं, मधोमध जुनी धावपट्टी, आणि तिच्या कडेला रंगीत कापडं पसरून घड्या घालणारी तरुण पोरं. घड्या घालताना गार्गी गुडघ्यांवर बसून कापडातली हवा पोटाने दाबून काढत होती. शैला पापडाचं पीठ मळते तेव्हा तिचा चेहरा असा गंभीर असतो. मी लांबून बघत राहिलो.

मला ज्यांच्याशी बांधणार होते ते सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार. बोलणं मोजकं, मिशी भरघोस. त्यांनी विचारलं, "सर्दी, ज़ुकाम?" मी छाती भरून श्वास घेऊन दाखवला. पट्टे आवळता आवळता ते थांबले, इकडेतिकडे हुंगू लागले. "सर, ये लहसुन की ख़ुशबू कहाँ से आ रही है?"

गार्गीने माझ्या कानाकडे पाहिलं आणि ती तिथेच गवतावर बसली. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "आईने दिले ना? बाबा, भूगोल शिकवलात ना तुम्ही!"

मग सुभेदारांनी समजावलं. कानाचं बाहेरचं दार बोळ्याने बंद करून काही होत नाही, उलट त्रास वाढतो. हवेचं येणं-जाणं मागच्या दाराने, घशातून. ते उघडं ठेवायचं. आवंढा गिळा, जांभई द्या, जबडा हलवा, आणि गरज लागली तर नाक चिमटीत धरून अगदी हलकेच फुंका. मला मामा आठवला. मी बोळे काढून डबीत ठेवले आणि कान पुसले. तरी विमानात बसल्यावर लसणाचा वास दरवळतच होता, आणि कुणी काही बोललं नाही, हा त्या पोरांचा मोठेपणा.

वर जाताना मी सगळ्या वर्गाची आठवण काढली. पहिला टक् झाला तेव्हा गव्हाची शेतं अजून नीट दिसत होती. दुसरा झाला तेव्हा ती लहान मुलाने चिकटवलेल्या कागदांसारखी झाली होती. प्रत्येक टक् सरशी कानातून हवा अलगद निसटत होती, जणू कुणी आतून परवानगी दिल्यासारखी. समोर बसलेली गार्गी जबडा हलवत मला खुणेने विचारत होती, ठीक? मी अंगठा दाखवत होतो. मग दार उघडलं आणि गार हवेचा लोट आत आला. ती आधी गेली. मी तिला जाताना बघितलं. बापाला आपली मुलगी दारातून अशी निघून जाताना बघायची वेळ कधीतरी यायचीच, पण ती इतक्या उंचीवर येईल असं मला वाटलं नव्हतं. पुढच्या क्षणी आम्हीही गेलो.

पडण्याविषयी मला फार सांगता येणार नाही. पोटात गोळा येईल असं वाटलं होतं, तो आला नाही. हवा गादीसारखी अंगाखाली लागत होती आणि तिचा आवाज एवढा होता की कानांचं भानच राहिलं नाही. मग छत्री उघडली, कुणीतरी खांद्यांना धरून वर उचलल्यासारखं झालं, आणि सगळीकडे शांतता पसरली. पायांखाली शेतं, एक तळं, धावपट्टीची रेघ. मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने "वा!" म्हणालो. तो "वा" माझा मलाच लांबून ऐकू आला, आणि तेव्हा कळलं की कानांत दडे बसले आहेत.

सुभेदारांनी मागून माझ्या नाकाकडे बोट दाखवलं. मी नाक धरलं, हलकेच फुंकलं. डावा कान उघडला. उजवा उघडेना. आवंढा गिळला, जबडा हलवला, आभाळात लोंबकळत जांभया दिल्या. उजव्या कानाचा पडदा कुणी आत ओढून धरला होता, आणि भुवईच्या वर खिळा ठोकल्यासारखं दुखत होतं. नाक मोकळं वाटत होतं खरं, पण मोहोराची सूज आत कुठेतरी तशीच बसून होती. खाली उतरलो तेव्हा रुमालाला नाकातलं थोडं रक्त लागलं. गार्गी धावत आली, उजव्या बाजूने मिठी मारली आणि काहीतरी बोलली. मला नुसते तिचे ओठ हलताना दिसले. मी हसून मान हलवली, पण तिला लगेच समजलं. तिचा चेहरा पडला. ती डावीकडे येऊन म्हणाली, "बाबा, माझं चुकलं का हो तुम्हाला आणून?"

"अजिबात नाही," मी म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो. कान गेला तर गेला असं त्या क्षणी तरी मला वाटत होतं. घरी आल्यावर तसं वाटेनासं झालं.

डॉक्टरांनी कानात बघून मान हलवली. पडद्यामागे पाणी साठलं होतं. "उतरेल आपोआप, सर. वेळ लागेल. नाक जोराने शिंकरू नका, घाट चढू नका." मी विचारलं, "आणि नाही उतरलं तर?" "उतरेल," ते म्हणाले, पण ते चिठ्ठीकडे बघत म्हणाले. बागेत मोहोर भरात होता, तुडतुड्याचे दिवस होते, आणि माझा ऐकणारा कान मडक्यात घातल्यासारखा झाला होता. वर्षाची सगळी भिस्त त्या तुऱ्यांवर होती. तरी मी शैलाला म्हणालो, बाग नेहमीसारखी आहे, काळजी नको.

रोज पहाटे मी कलमाखाली जायचो, फांदी हलवायचो, थांबायचो. काही नाही. दुसरं कलम, तिसरं, काही नाही. बाग अशी शांत मी कधी ऐकली नव्हती. माणसाचं मन किती सोयीचं असतं बघा. माझाच कान बंद आहे हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी काही दिवसांतच मला वाटू लागलं की यंदा तुडतुडा आलाच नसावा.

गडग्यापलीकडे बाळू मांडवकरची बाग. तो एका सकाळी गडग्यावर हात टेकून म्हणाला, "गुरुजी, फवारणी कवा करताव? माज्या कलमांव नुसती तडतड लागल्येय. तुमच्या खालच्या अंगाच्या पानांव तर खार धरलीय बगा. तुमाना आयकाय येत नाय काय?"

मी खालच्या ओळीत जाऊन पानाखालून बोट फिरवलं. बोट चिकटलं. तसाच घरी आलो आणि ते बोट शैलापुढे धरलं. "मला ऐकू येत नाहीये," म्हणालो. "बाग हातची जाईल." बोलताना माझा आवाज कापला. कान बंद असताना स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो, त्यामुळे तो मला नीट समजला.

ती "मी सांगत होते" असं म्हणाली नाही. म्हणाली असती तर तिचा हक्कच होता. तिने फवारणीच्या माणसांना फोन लावला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे शाल पांघरून, माझे जुने बूट घालून अंगणात उभी राहिली. "चला. कुठे उभं राहायचं ते दाखवा."

इतक्या वर्षांत शैला पहाटेची बागेत आली नव्हती. आंबे उतरले की ते पिकवायला गवतात अढी घालायला, पेट्या भरायला तिचे हात असायचे, पण पहाट तिची स्वयंपाकघरात जायची. मी तिला कलमाखाली उभं केलं, बोलू नकोस म्हणालो, आणि फांदी हलवली. ती कुजबुजली, "समुद्र ऐकू येतोय." मी म्हणालो, तो नव्हे. "बाळूचा पंप." तोही नव्हे. "पानावरून दव गळतंय. मधमाशी एकच आहे, पण कुठेतरी अडकलीय." तिला सगळंच ऐकू येत होतं. मी पुन्हा फांदी हलवली. ती एकदम स्तब्ध झाली. "हे का? फोडणीत शेवटची मोहरी तडतडते तसं?"

"दाट की विरळ?"

"ह्या कलमावर दाट. मागच्यावर नव्हतं."

 मला हे शिकायला वडिलांबरोबर दोन मोहोर घालवावे लागले होते.

फवारणी झाली. खालच्या ओळीतल्या काही कलमांचा मोहोर गेला, बाकीचा तगला. पण तुडतुडा एकदा जाऊन थांबत नाही, म्हणून रोजची फेरी चालू राहिली. ती ऐकायची, मी फांद्या हलवायचो. उजेड वाढला की आम्ही चिऱ्याच्या पायरीवर बसून थर्मासमधला चहा प्यायचो. एकदा मी विचारलं, तुला इतकं बारीक कसं ऐकू येतं? तेव्हा तिने सांगितलं की हर्णेला तिच्या वडिलांचं बंदरावर बर्फाचं दुकान होतं. संध्याकाळी मासळीचा लिलाव सुरू झाला की त्याचा गलका त्यांच्या घरापर्यंत यायचा. वडील कधी घरी येतील ते तिची आई तो गलका ऐकून सांगायची. मासळी भरपूर असली की आवाज वेगळा, बोटी रिकाम्या आल्या की वेगळा. "आई म्हणायची, शैले, ऐक आणि सांग, तांदूळ आत्ता घालू की थांबू? माझं कधी चुकलं नाही," शैला म्हणाली. हर्णेचा तो लिलाव मी लग्नाआधीपासून पाहत आलो आहे. ही गोष्ट मात्र मला ठाऊक नव्हती. ह्या बाईबरोबर एवढा संसार केला आणि तिच्या कानाला काय काय येतं ते मला कळायला माझा कान बंद व्हावा लागला.

मग एका पहाटे, ती गडग्यालगतच्या कलमाखाली वाकून उभी असताना, मला जांभई आली. साधी, झोप अर्धी राहिल्याची जांभई. उजव्या कानात काहीतरी सरकलं, टक् झालं, आणि सगळं जग एकदम आत आलं. समुद्र आला. मधमाश्या आल्या. शैलाच्या बांगड्या किणकिणल्या. उजवीकडच्या करवंदीच्या जाळीत कुकूडकोंबा, म्हणजे भारद्वाज, घुमला, आणि त्याचा तो खोल आवाज इतका जवळून आला की माझ्या अंगावर काटा उभा राहिला. आनंदाने मी ओरडणारच होतो.

"काय हो?" शैला वळून म्हणाली.

"काही नाही," मी म्हणालो. "तुला काय ऐकू येतंय?"

"विरळ आहे. आज नको फवारायला."

विरळच होतं. मलाही तसंच ऐकू आलं. मी मान डोलावली आणि आम्ही चहाला बसलो. कान उघडल्याचं मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा स्वयंपाकघरात असती, आणि मी एकटा कलमाखाली. मला ते नको होतं, इतकं साधं कारण आहे. पुढे मोहोर सरला, कणी धरली, आंबे झाले, पेट्या गेल्या. "डॉक्टर काय म्हणाले?" असं तिने मध्ये विचारलं तर मी "सुधारतंय" म्हणायचो. ते काही खोटं नव्हतं.

यंदा फोनवरच्या त्या 'बघू'नंतर दुसऱ्या दिवशी पहाटे मी अंगणात आलो, तर ती शाल पांघरून, माझे जुने बूट घालून आधीच उभी होती. आम्ही गडग्यालगतच्या कलमाखाली गेलो. नवा मोहोर, नुकताच उमललेला, सगळीकडे तो मधासारखा वास. मला दोन शिंका आल्या. मी फांदी हलवायला हात वर केला तेव्हा ती म्हणाली, "गार्गीला कळवा, मी येत नाही. घरात एक तरी कान शाबूत हवा."

"माझा उघडलाय की!" मी बोलून गेलो आणि जीभ चावली.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "मागच्या वर्षी ह्याच कलमाखाली कुकूडकोंबा घुमला तेव्हा तुमची मान उजवीकडे वळली होती."

मी काही बोलणार, तेवढ्यात तिने ओठांवर बोट ठेवलं. "आता फांदी हलवा. आणि बोलू नका, मला ऐकू दे."